ओढणारं कुणी नाही, तरी घरात १९ ॲशट्रे

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोन वर्षांपूर्वी एका इस्टेट सेलमध्ये (घर रिकामं करताना सामान विकतात तिथं) मला निळ्या-हिरव्या रंगाचं, जाडजूड, खोलगट मातीचं भांडं मिळालं. वाटीच समजून आणलं. कडेच्या खाचा बघून नवरा म्हणाला, "अगं, हा ॲशट्रे आहे." तळाला नुसतं 'इटली' आणि काही आकडे. शोधाशोध केल्यावर कळलं की हे १९५०-६० च्या सुमाराचं काम आहे. तेव्हापासून वेडच लागलं. आज निळे, नारिंगी, मोहरीच्या रंगाचे मिळून १९ झालेत. आमच्या घरात सिगारेट कुणीच ओढत नाही.

दोन महिन्यांपूर्वी सासूबाई साताऱ्याहून आल्या. हॉलमधलं शेल्फ बघून गप्प झाल्या. आठवड्यानं म्हणाल्या, "एवढं चांगलं घर, आणि मांडून काय ठेवलंयस तर हे?" माझे सासरे आयुष्यभर सिगारेट ओढायचे आणि फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. नवरा म्हणतो, आईला समजाव की ही कला आहे. मी समजावलं. त्या ऐकून घेतात, पण हॉलमध्ये बसत नाहीत.

माझा छंदच चुकीचा आहे का? दुसरं, विकणारे सगळ्यालाच 'बितोस्सी' या नावाजलेल्या इटालियन कारखान्याचं म्हणतात, तर खरं कसं ओळखायचं? काही तुकडे मी वापरतेही. दिवाळीत एकात चिंचेची चटणी ठेवली होती, फार छान दिसली. आणि येत्या शनिवारी एका सेलमध्ये मोठा नारिंगी ॲशट्रे आहे, त्यालाही बितोस्सीच म्हणतायत, किंमत बरीच आहे. घेऊ का?

— एक वाचक, एडिसन


प्रिय वाचक,

आधी चटणीचं बोलते. बाकीचं सगळं थांबू शकतं, हे नाही. त्या ॲशट्रेंमध्ये खाण्याचं काहीही ठेवू नका. चिंचेची चटणी नको, लिंबाची फोड नको, प्रसादाचा पेढासुद्धा नको. कमी आचेवर भाजलेल्या त्या काळच्या मातीकामावरच्या झिलईत, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपात, विषारी शिसं सर्रास असे. शिशामुळे झिलई कमी उष्णतेत वितळते आणि तिला ती खोल, ओली चमक येते. भडक नारिंगी, लाल आणि पिवळ्या रंगांत कॅडमियम हा विषारी धातूही असू शकतो. ॲशट्रे मुळात खाण्यासाठी घडवलेलाच नव्हता, त्यामुळे त्याच्या झिलईतून काय झिरपेल याचा विचार करायचं घडवणाऱ्याला कारण नव्हतं. आंबट पदार्थ शिसं बाहेर काढतो, आणि चिंच तर चांगलीच आंबट.

एकदा चटणी ठेवली म्हणून धास्ती घेऊ नका. पण हे तुकडे खाण्यासाठी वरचेवर वापरात असतील आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि रक्तातलं शिसं तपासून घ्या. साधी रक्ततपासणी असते. दुकानात मिळणाऱ्या शिसं तपासायच्या काड्यांवर विसंबू नका. काडीचा रंग बदलला नाही म्हणजे भांडं खाण्याजोगं झालं, असा अर्थ होत नाही. किल्ल्या, अंगठ्या, सेफ्टी पिना, सुटी नाणी यांसाठी मात्र हे तुकडे खुशाल वापरा.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात एक गोष्ट येता येता आली आहे: सासरे आयुष्यभर ओढायचे. मग त्यांचा ॲशट्रे रोज रिकामा कोण करत असेल? राख झाडायची, थोटकं कचऱ्यात टाकायची, घासून पुसून तो पुन्हा त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवायचा, पाहुणे येणार असले की आणखी एक काढून ठेवायचा. आपल्याकडे हे काम घरातल्या बाईचंच असायचं. नंतर त्याच बाईनं नवऱ्याचा खोकला ऐकला, हॉस्पिटलं बघितली. तुम्हाला त्या खाचांमध्ये घडवणाऱ्याचं बोट दिसतं. त्यांना तिथं टेकवलेली जळती सिगारेट दिसते. अशा बाईला 'ही कला आहे' असं समजावणं मला पटत नाही. कला आहे हे त्यांना कळत नाही असं थोडंच आहे?

म्हणून माझं सांगणं असं: आजच्या आज हॉलमधलं शेल्फ मोकळं करा. ॲशट्रे तुमच्या कामाच्या खोलीत हलवा. हे करताना चेहरा पाडू नका आणि 'तुमच्यासाठी काढतेय हं' असंही म्हणू नका. हॉल ही सगळ्यांनी बसायची जागा आहे, आणि सासूबाई तिथं बसत नसतील तर आधी ते सावरायला हवं. मग एखाद्या निवांत दुपारी तुमच्या यजमानांनी आईजवळ बसावं आणि बाबांबद्दल बोलावं. हे काम सुनेचं नाही, मुलाचं आहे. बाबांचा ॲशट्रे कसा होता, कुठं असायचा, पुढं त्याचं काय झालं, हे त्यांनी विचारावं. इटलीचं नावही काढायची गरज नाही. कदाचित त्या पुष्कळ बोलतील, कदाचित उठून जातील. दोन्हीला जागा असू द्या. पुढे कधी त्यांनी आपणहून 'तो निळा बघू गं' म्हटलं, तर हातात द्या. नाही म्हटलं तर तो विषय तिथंच राहू द्या.

छंद चुकीचा आहे का? मला तसं वाटत नाही. पण या वस्तूंशी प्रामाणिक राहायचं तर एक गोष्ट डोळ्यांआड करता येणार नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध सांगणारा अमेरिकेच्या सर्जन जनरलचा (सरकारच्या आरोग्यप्रमुखाचा) अहवाल जानेवारी १९६४ मध्ये आला, आणि तुमच्या शेल्फवरचे काही तुकडे त्याच्या आगेमागेच भट्टीतून निघालेले असणार. तोवर ॲशट्रे म्हणजे पाहुणचार होता, प्रतिष्ठा होती. आपल्याकडेही तसंच. १९६७ मध्ये एअर इंडियानं चक्क स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालींकडून आपल्या खास प्रवाशांना भेट द्यायला ॲशट्रेचा नमुना करून घेतला आणि मोबदला म्हणून हत्तीचं पिल्लू दिलं. (तो पोर्सेलिनचा, आणि इटालियन नव्हे, कुणी मुंबईहून इटालियन म्हणून विकायला काढला तर फसू नका.) मग २ ऑक्टोबर २००८ पासून भारतात सार्वजनिक जागी ॲशट्रे ठेवायलाच बंदी आली. इटलीनं त्याआधी, जानेवारी २००५ मध्ये, बंद सार्वजनिक जागांतलं धूम्रपान थांबवलं होतं. या वस्तूंचं मूळ काम संपलं हे चांगलंच झालं. मुलांनी विचारलं की हे कशासाठी होतं, तर खरं ते सांगा, आणि आजोबांचंही सांगा.

आता तुमच्या त्या निळ्या-हिरव्या भांड्याकडे येते. याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

फ्लॉरेन्सजवळ, आर्नो नदीच्या काठावर मोंतेलुपो फिओरेंतिनो नावाचं गाव आहे. शतकानुशतकं कुंभारांचं. तिथं १९२१ मध्ये ग्विदो बितोस्सी यांनी कारखाना काढला. त्याला आज जगभर ओळखतात ते मुख्यतः आल्दो लोंदी या माणसामुळे. लोंदी त्याच गावचे, जन्म १९११ चा. पोरवयातच ते फांचुल्लाच्ची बंधूंच्या कारखान्यात कामाला लागले. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून दक्षिण आफ्रिकेत राहिले, परत आले आणि १९४६ पासून बितोस्सीचं कलादिग्दर्शन सांभाळू लागले. १९५० च्या दशकात त्यांनी 'रिमिनी ब्लू' ही मालिका काढली. तुमचं पहिलं भांडं बहुधा तिच्यातलं, किंवा तिच्या प्रभावाखालचं. माती ओली असताना तिच्यावर छोट्या छोट्या ठशांनी नक्षी दाबायची आणि वर निळी-हिरवी झिलई चढवायची. भट्टीत ती झिलई पातळ होऊन उंचवट्यांवरून ओघळते आणि खळग्यांत साचते. साचते तिथं गर्द निळी, ओसरते तिथं फिकट हिरवट. नक्षी रंगवलेली नाही, रंगच नक्षीत जाऊन बसला आहे.

यासाठी ॲशट्रेसारखा दुसरा आकार नाही, असं माझं मत आहे. फुलदाणीच्या उभ्या अंगावरून झिलई खाली धावते. ॲशट्रे आडवा, पसरट, मध्ये खोल, त्यामुळे ती तिथंच थांबते, साचते, तिला खोली येते. एखादा तुकडा खिडकीशी नेऊन तिरका धरा आणि तळाशी बघा, म्हणजे मी काय म्हणते ते दिसेल. हे नुसत्या फोटोवरून कळत नाही, म्हणून केवळ फोटो बघून लांबून मागवणं मला फारसं रुचत नाही.

हे सगळं तुमच्या न्यू जर्सीत कसं आलं, तेही समजून घ्या, कारण ओळखण्याची किल्ली त्यातच आहे. युद्धानंतर मोडलेल्या इटलीतल्या कारागिरांना डॉलर मिळवून देण्यासाठी अमेरिकेत पद्धतशीर प्रयत्न झाले. १९५० मध्ये ब्रुकलिन म्युझियममध्ये इटालियन हस्तकलेचं मोठं प्रदर्शन भरलं आणि मग ते अमेरिकेतल्या इतर संग्रहालयांतून फिरलं. अर्व्हिंग रिचर्ड्स यांची 'रेमॉर' ही कंपनी इटलीहून मातीकाम मागवून अमेरिकेतल्या दुकानांत पोहोचवत होती. 'रोझेंथल नेटर' हीसुद्धा तशीच आयात करणारी कंपनी. माल येताना त्यावर देशाचं नाव इंग्रजीत असणं अमेरिकी कायद्यानं १८९० पासून सक्तीचं केलं होतं. म्हणून तुमच्या भांड्याच्या तळाला 'इटली' लिहिलेलं आहे आणि कारखान्याचं नाव नाही. नाव असलंच तर ते आयात करणाऱ्याच्या कागदी लेबलावर, आणि साठ वर्षांच्या धुण्या-पुसण्यात कागद टिकत नाही.

त्यामुळे तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. तळाचे आकडे म्हणजे साल नव्हे, तो नमुन्याचा किंवा आकाराचा क्रमांक असतो. रेमॉरचं लेबल म्हणजे बितोस्सी नव्हे. रेमॉर आल्विनो बान्यी, मार्चेल्लो फांतोनी या इतर इटालियन कलाकारांकडूनही माल घेत असे, शिवाय इतर देशांतूनही. आणि निळं-हिरवं ठशांचं काम म्हणजे आपोआप लोंदी नव्हे. एकाच परिसरात कारखाने शेजारी शेजारी, माणसं इकडून तिकडे गेलेली. लोंदी स्वतः फांचुल्लाच्चींकडे शिकले, मग दोन्हीकडच्या कामात साम्य दिसलं तर नवल नाही. बितोस्सी हे नाव विकलं जातं म्हणून विकणारे ते सगळ्यांना चिकटवतात. ज्या तुकड्याचा घडवणारा ठरत नाही, त्याच्या नोंदीत 'इटली, बहुधा तोस्काना' (फ्लॉरेन्सच्या भोवतालचा प्रांत) एवढंच लिहा. त्यात काही कमीपणा नाही.

याउलट काही जण स्वतःच्या हातानं सही करत. दक्षिणेकडे सालेर्नोजवळच्या व्हिएत्री सुल मारेत नाव कमावून पुढे फ्लॉरेन्सला आलेले ग्विदो गांबोने (१९०९–१९६९) किंवा फ्लॉरेन्सचे फांतोनी (१९१५–२०११) यांच्या तुकड्यांवर रंगानं काढलेलं नाव दिसतं. मिलानच्या पिएरो फोर्नासेत्तींचे ॲशट्रे या सगळ्यांहून वेगळे, गुळगुळीत पोर्सेलिनवर छापील चित्रं. ते सुंदर असतात, पण तुमचा ओढा ओल्या मातीकडे दिसतो. दोन्ही एकदम जमवायला गेलात तर संग्रह पसरेल.

आणखी एक गोष्ट, जुन्या-नव्याची. बितोस्सीचा कारखाना अजून चालू आहे आणि रिमिनी ब्लू अजूनही बनतं. ते नकली नाही, त्याच घरचं आहे. फक्त नव्याला जुन्याचे पैसे मोजू नका. जुन्या तुकड्याच्या तळाची कड टेबलावर सरकून सरकून घासलेली असते, तिथं मातीत मळ मुरलेला असतो, आतल्या झिलईवर बारीक ओरखडे आणि कधी काजळीचा पुसट डाग असतो. तळाला फेल्ट (जाड लोकरी कापड) चिकटवलेलं असेल तर विचारून एक कोपरा उचलून बघा. त्याखाली आकडे लपलेले असतात, आणि कधी टवकाही.

तुम्हाला या गावाची आपल्याशी जोडलेली एक गोष्ट सांगायची राहिली. मिलानचे वास्तुकार-डिझायनर एत्तोरे सोत्सास १९५० च्या दशकात रेमॉरच्या रिचर्ड्सच्या सांगण्यावरून मातीकामाकडे वळले आणि बितोस्सीच्या भट्टीशी जोडले गेले. १९६१ मध्ये ते पत्नी फेर्नांदा पिवानो यांच्याबरोबर भारतात हिंडले. परतल्यावर ते मूत्रपिंडाच्या दुखण्यानं मरता मरता वाचले. त्यानंतर १९६३ मध्ये त्यांनी काळोखाची म्हणून ओळखली जाणारी गडद सिरॅमिक्स केली, आणि १९६४ मध्ये ताटल्यांची एक मालिका. तिला त्यांनी नाव दिलं 'शिवाला अर्पण'. जगून उठल्याबद्दल एका इटालियन माणसानं शंकराला मातीच्या ताटल्या वाहिल्या. मला या कामाबद्दल फार ममत्व आहे. ते ॲशट्रे नव्हेत आणि तुमच्या-माझ्या खिशाला परवडणारेही नाहीत, पण संग्रहालयात कधी समोर आले तर थांबून बघा. सासूबाईंना पटवण्यासाठी मात्र ही गोष्ट वापरू नका. त्यांच्या दुःखाला शंकराचं नाव घेऊन उत्तर देता येत नाही.

जपणुकीचं थोडक्यात. ही माती सच्छिद्र असते, त्यामुळे पाण्यात भिजत घालू नका, डिशवॉशरमध्ये तर मुळीच नको. कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ टूथब्रश, आणि लगेच कोरडं पुसणं. निकोटिनचा पिवळा थर कापसानं हलकेच, दोन-तीनदा करून काढा. ब्लीच नको, तारेची घासणी नको. सोनेरी काम असेल तिथं ब्रशही नको, सोनं निघून येतं. झिलईवरचं जाळीसारखं बारीक भेगांचं काम वयाचं आहे, ते दोष समजू नका.

आणि १९ पुरेत. 'अजून एक' घेण्याआधी असलेल्यांतले जे तुम्ही उचलून बघत नाही ते वेगळे काढा. माझ्या अंदाजानं निम्मे निघतील. ते देऊन टाका किंवा विका, आणि त्या पैशांतून एखादा खरोखर चांगला घ्या. कामाची खोलीही तेवढीच मोकळी होईल.

शनिवारचा नारिंगी तुकडा. सेल उघडताच जा, पण लगेच खिशात हात घालू नका. आधी उलटा करा. 'इटली' आहे का, आकडे हातानं रंगवलेले आहेत का, कड घासलेली आहे का, बिनझिलईची माती दिसते का, ते बघा. मग आपण कुंभारवाड्यात मडकं वाजवून घेतो तसा, तळहातावर धरून बोटानं टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द वाजला तर कुठंतरी तडा असू शकतो, मग डोळ्यांना दिसो न दिसो. छोटी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च जवळ ठेवा. चिकटवून रंगवलेली दुरुस्ती तिच्या उजेडात बऱ्याचदा वेगळी चमकते. नारिंगीत कडेच्या खाचा विशेष बघा, टवके तिथंच उडतात आणि तिथंच रंगवून झाकतात.

हे सगळं नीट असेल आणि तळाशी नारिंगीला ती खोली असेल, तर अनामिक इटालियन तुकड्याला जे द्याल तेवढं देऊ करा. बितोस्सीच्या नावाचे जास्तीचे पैसे हवे असतील, तर विकणाऱ्याकडे त्याचा आधार मागा: लेबल, जुनी पावती, कॅटलॉगमधलं चित्र. आधार नसेल आणि भाव उतरत नसेल, तर शांतपणे परत या आणि सेलच्या शेवटच्या दिवशी पुन्हा जा. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी किमती खाली येतात. तोवर तो विकला गेला तर जाऊ द्या. तोस्कानाच्या भट्ट्यांनी त्या वीस वर्षांत इतके ॲशट्रे अमेरिकेला धाडले आहेत की पुढच्या महिन्यात दुसरा समोर येईल.

— तुमची ताई